बुडवेकाका

"जरा बुडवू का?"

सकाळी सव्वासातला दार उघडल्यावर समोरच्या माणसाने हे विचारलं तर तुम्ही काय कराल? आम्ही मुकाट्याने कप पुढे करतो. काका खिशातून पेनाएवढं यंत्र काढतात, टोपण उघडून चहात बुडवतात, आकडा स्थिरावेपर्यंत श्वास रोखून उभे राहतात आणि म्हणतात, "११४०. परवा ९०० होता. दूधवाला बदललात?"

बदललेला असतो. चीड येते ती त्याचीच.

हा प्राणी तुमच्याही सोसायटीत असणार. पूर्वी तो आकाशवाणीच्या ठोक्यावर घड्याळ लावायचा, नंतर गच्चीत बाटली ठेवून पाऊस मोजू लागला. आता त्याच्या घरात अडतीस कुंड्या आहेत आणि खिशात टीडीएस मीटर. आमच्याकडे त्यांना बुडवेकाका म्हणतात. नाव ऐकून नवा भाडेकरू दचकतो. पण काकांनी जन्मात कुणाचा पैसा बुडवलेला नाही. बुडवतात ते फक्त मीटर.

त्यांच्या घरात 'खत' हा शब्द चालत नाही. खत शेतात. इथे द्रावण. त्याच्या दोन बाटल्या, अ आणि ब. अ मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, ब मध्ये स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम सल्फेट आणि बाकीची किरकोळ मंडळी. सगळं सोनाराच्या काट्यावर, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत तोललेलं. कॅल्शियम नायट्रेट पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं, म्हणून त्याला काकूंचा मेतकुटाचा घट्ट झाकणाचा डबा मिळाला. मेतकूट तेव्हापासून पिशवीत.

एकदा ते चिपळूणला लग्नाला गेले आणि आठ दिवस झाडांची जबाबदारी माझ्यावर आली. सूचनांचा कागद दोन पानी होता. मी तो वाचला नाही. माणूस औषधाच्या बाटलीवरचा कागद तरी कुठे वाचतो? अ आणि ब एकाच मगात ओतलं आणि म्हटलं, आता वरून पाणी घालू. बघता बघता मगात ताकासारखं पांढरं झालं आणि तळाला रवा बसला. काकांना फोन केला. पलीकडे सनई वाजत होती.

"अहो, जिप्सम केलंत! कॅल्शियमला सल्फेट थेट भेटवायचं नसतं. आधी बादलीभर पाणी, मग अ, ढवळायचं, मग ब. पातळ झाल्यावर दोघं नांदतात."

मग थोडं थांबून, "मंगलाष्टकं चालू आहेत, ठेवतो."

द्रावण झालं की सामू बघायचा. ५.८ ते ६.२. त्याच्या वर गेला तर लोह बादलीत असूनही मुळांना नीट घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लिंबू पिळायचं, थेंब मोजून. काकूंच्या पोह्यांना लिंबू मिळत नाही ते यामुळे. आणि टोकं करपली तर उलटं, क्षार जास्त झाले; कुंडीतून साधं पाणी भरपूर सोडून सगळं धुऊन काढायचं. हे मला आता पाठ आहे. मला कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

पण बुडवण्याचं व्यसन कुंडीपाशी थांबलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. त्यांनी सोलकढीत बुडवलं. शहाळ्यात बुडवलं. बी विंगमधल्या सत्यनारायणाला तीर्थ हातावर पडताच दुसरा हात खिशाकडे गेला, तेव्हा काकूंनी मनगट धरलं. एकदा स्वतःच्या घरी आमटीत बुडवलं आणि मीटरने आकडाच दाखवला नाही.

"म्हणजे मीठ जास्त झालंय का?" काकू.

"तसं नाही. यंत्राची कुवत संपली."

पुढचे चार दिवस ते आमच्याकडे जेवले.

त्या मीटरची एक गंमत आहे. ते पाण्यातून वीज किती वाहते एवढंच बघतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतं. साखरेतून वीज वाहत नाही, म्हणून साखर त्याला दिसत नाही. युरियाही दिसत नाही. दुकानातल्या एकोणीस-एकोणीस-एकोणीसच्या पुड्यात निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं असू शकतं, म्हणजे मीटर निवांत आणि झाड गुदमरलेलं. काकांना मधुमेह आहे. माझी बायको साखरेचा डबा हातात घेऊन विचारते, "काका, किती?" ते मीटरचं टोपण लावत म्हणतात, "दोन चमचे. यात येत नाही."

गेल्या वर्षी बी विंगमधल्या एका इंजिनियरने परदेशातून मीटर आणलं. एकाच बादलीत दोघांनी बुडवलं. काकांचं ६००, त्याचं ८४०. जिन्यात गर्दी जमली. काकांनी शांतपणे दोन्ही मीटरांवर ईसी, म्हणजे नुसती विद्युतवाहकता, लावली, दोन्हींवर १.२. तिचं पीपीएम करायला कुणी ५००ने गुणतो, कुणी ७००ने. "पीपीएम हे भाषांतर आहे," काका म्हणाले, "मूळ वाचा."

मे महिन्यात टँकर सुरू झाले. खडकवासल्याचं पाणी काकांच्या वहीत शंभरच्या आसपास असायचं. टँकरचं निघालं ६८०. सोसायटीच्या रजिस्टरात रोजचा आकडा लिहायचं काम अर्थातच काकांकडे. सेक्रेटरी गोड माणूस. म्हणाला, "काका, ३००च्या आत लिहा ना. ऐन उन्हाळ्यात टँकरवाल्याशी कोण भांडणार?"

काकांनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, आता ईसीवर व्याख्यान. ते रजिस्टरकडे बघत राहिले.

"एकतीस वर्षं लिहिलं," ते म्हणाले.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. बाहेर सोडायच्या सांडपाण्याचं रजिस्टर त्यांच्याकडे. सामू ५.५ ते ९ च्या मध्ये बसायलाच हवा, म्हणून तो रोज बसायचा. पावसाळ्यात, संपात, यंत्र दुरुस्तीला गेलेलं असतानासुद्धा. नमुना घेतला की नाही हे कुणी विचारत नसे. रकाना मोकळा दिसला तर मात्र वरून फोन येई. "सही माझी असायची," एवढं बोलून त्यांनी ६८० लिहिलं, खाली रेघ मारली आणि जिना चढून गेले. लिफ्ट चालू असताना.

टँकरवाला बदलला. नवाही ५९० निघाला, पण ते जाऊ दे.

ऑगस्टमध्ये काकांना चिकुनगुनिया झाला. नऊ दिवस बोटं मिटत नव्हती, तर मीटर कसं धरणार! द्रावण मी केलं. आधी पाणी, मग अ, ढवळून मग ब. एकही झाड गेलं नाही, पण मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. दहाव्या दिवशी ते गॅलरीतल्या खुर्चीत वही घेऊन बसले. नऊ ओळी कोऱ्या.

"भरून टाकू का?" मी म्हटलं. "रोज ८५० तर असतो. इकडेतिकडे दहा-वीस."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी सेक्रेटरीकडे बघितलं होतं तसं. मग सुजलेल्या बोटांनी पेन माझ्यापुढे केलं. प्रत्येक तारखेपुढे, माझ्या अक्षरात, 'मोजले नाही'. खाली नुसते 'वरीलप्रमाणे'चे ठिपके देऊन चालणार नाही. नऊ वेळा.

माझं लिहून होईपर्यंत काकूंनी ठेवलेला चहा निवून गेला होता. त्यांनी कप दोन्ही तळहातांत धरला आणि न बुडवता पिऊन टाकला.