दोन पाठींचा शिंपी

इंग्लंडात घोडा पाळणाऱ्याला तीन माणसांपासून काही लपवता येत नाही: पशुवैद्य, नालबंद आणि सॅडल फिटर, म्हणजे खोगीर मापाला बसवणारा. पहिले दोघे घोड्याबद्दल बोलून मोकळे होतात. तिसऱ्याला मालकिणीबद्दलही बोलावं लागतं, आणि तेही तिनं चेक फाडायच्या आत.

हा गृहस्थ व्हॅनभर खोगिरं घेऊन गावोगाव हिंडतो. त्याची पंढरी म्हणजे वॉल्सॉल. हे गाव खोगिरांसाठी इतकं प्रसिद्ध, की तिथल्या फुटबॉल क्लबालाही लोक ‘सॅडलर्स’ म्हणतात. ‘सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स’ ही 1966 सालची संस्था फिटरांना शिकवून, पारखून प्रमाणपत्र देते. पण ‘तुमचं वजन वाढलंय’ हे न बोलता कसं सांगावं, ते मात्र ज्याचं त्यालाच शिकावं लागतं.

‘गुड मॉर्निंग’ तो मालकिणीला म्हणतो. नजर घोड्याच्या पाठीवर. खोगिराखाली पांढरे केस उगवलेत का, खांद्यामागचा स्नायू खपाटीला गेलाय का, हे हातानं चाचपतो. वाकणारी पट्टी खांद्यांवरच्या उंचवट्यावर दाबून तिचा आकार कागदावर उतरवतो, शेजारी तारीख घालतो. मग पाठीवरची आच्छादनं उतरवू लागतो: आधी मेंढीच्या कातड्याचं, मग जेलचं, मग फिकट जांभळ्या रंगाचं. खोगीर टोचतं म्हणून बाईंनी खाली गाद्या घातलेल्या, आणि गाद्यांमुळे ते आणखी घट्ट झालेलं. तो चकार शब्द काढत नाही. बाई कुंपणापलीकडच्या मेंढ्या मोजत राहतात.

नियम सरळ आहेत. भार कण्यावर येता कामा नये. तो खोगिराच्या दोन्ही बाजूंच्या गाद्यांनी पेलायचा. आतल्या सांगाड्याची रुंदी घोड्याच्या अंगाला जुळायला हवी, आणि खोगीर अठराव्या, म्हणजे शेवटच्या बरगडीमागे जाता कामा नये. अडचण अशी, की रुंदी घोड्याच्या मापाची आणि बैठक बाईंच्या.

“यंदा गवत छान आलंय,” तो म्हणतो. म्हणजे घोडा सुटलाय.

“या कंपनीचं सतरा इंची जरा लहानच येतं, अठरा बघू या?” म्हणजे काय, ते बाईंना कळतं. आजवर एकाही कंपनीचं सतरा इंची त्याला मोठं निघालेलं नाही.

“डावी रिकीब एक भोक वर घेऊ या का?” म्हणजे बाई वाकड्या बसतात.

मग बाईंना चाल, दुडकी, दौड करायला लावून तो मागे उभा राहतो. याच घोड्याला वर्षभर ‘हट्टी’ म्हणून नावं ठेवलेली असतात. दातांचा डॉक्टर झाला, मालिशवाला झाला, घोड्यांच्या मनातलं ओळखणारी एक बाईही येऊन गेली. ‘याला बालपणीचं दुःख आहे,’ असं तिचं निदान. फिटर गाद्यांतली गोळा झालेली लोकर उपसतो, लांब सळईनं नवी लोकर भरतो, आणि बालपणीचं दुःख तासाभरात कमी होतं.

“आता सहा महिन्यांनी,” तो म्हणतो.

“इतक्या लवकर?”

“घोड्यांचे आकार बदलतात ना, मॅडम.”

बिलावर सगळा दोष घोड्याच्याच नावे असतो. घोड्याला वाचता येत नाही, यावर हा धंदा उभा आहे.