भरती हमीपत्र वाचत नाही

कॉलेजच्या अलिबाग सहलीइतकी कागदोपत्री सुरक्षित गोष्ट दुसरी नसेल. पालकांचे हमीपत्र, ओळखपत्राची झेरॉक्स, नाश्त्याला पोहे की उपमा याचीसुद्धा नोंद. वेळापत्रकात ‘३ ते ५ : समुद्रस्नान’ असे ठसठशीत छापलेले असते, फक्त समुद्राला कुणी विचारलेले नसते. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, म्हणून कोकणात तिथीला पाऊणने गुणायचा ढोबळ हिशेब आहे. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, म्हणजे आपले स्नान बरोबर ओहोटीच्या ओढीत. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचे, तर हेच गणित लागते. ते किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला तोंडपाठ असते, सहलप्रमुखाला नसते.

मुले सज्ञान आहेत, त्यांना कळायला नको का, असे यावर म्हणतात. कळायला हवे. पण ज्यांना रात्री दहानंतर खोलीबाहेर पडायला सरांची परवानगी लागते, त्यांचे सज्ञानपण नेमके कमरेएवढ्या पाण्यात कसे उगवते? किनाऱ्यावर जीवरक्षक हवेत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. फक्त जीवरक्षकाचे काम सुरू होते ते वेळापत्रक चुकल्यावर. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून आलेल्या सहलीतले विद्यार्थी बुडाले, तेव्हा नियम कडक करण्याची भाषा झाली. कडक म्हणजे आपल्याकडे आणखी एक सही. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात असतेच, पण सहलीची तारीख ठरते ती बसवाल्याने भाडे कधी कमी सांगितले यावर.