आप्पांची बोट

पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस उरलेले. दुकानाबाहेर सातबारे घेऊन चाळीस माणसं उभी. सर्व्हर कण्हतोय. अशा वेळी गर्दीतून एक हात माझ्या खांद्यावर पडतो आणि आवाज येतो, "ते विम्याचं राहू दे जरा. स्प्लिटहून ह्वारला जाणाऱ्या बोटीचं उन्हाळी वेळापत्रक काढ. बदललं असणार."

मागून कुणीतरी ओरडतं, "मास्तर, तुमची बोट थांबवा, आमचं सोयाबीन बुडालंय!"

आप्पांवर परिणाम शून्य. बोट म्हटल्यावर त्यांना फक्त बोट ऐकू येते.

तुमच्याही गावात एक असणारच. तुमचा कदाचित अंदमानवाला असेल, नाहीतर काश्मीरवाला. जायचं कुठंच नाही, पण निघायची तयारी अशी की बघणाऱ्यानं स्टेशनवर सोडायला यावं. आमच्या घाटनांदूरच्या वाट्याला क्रोएशियावाला आला. भूगोलाचे मास्तर. भूमध्य सागरी हवामान, उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, पिकं द्राक्षं आणि ऑलिव्ह, हे त्यांनी आमच्याकडून इतकं घोकून घेतलं की अजून झोपेत विचारलं तरी सांगेन. आप्पा निवृत्त झाले तेव्हा पोरं त्या हवामानातून सुटली. आप्पा तिथंच राहिले.

त्यांची एक निळी बॉक्सफाइल आहे. पट्टी कधीच तुटली, आता पायजम्याच्या नाडीनं बांधतात. आत बसच्या वेळा निळ्या शाईत, बोटीच्या लाल शाईत. नवीन प्रिंट निघाली की गरम असतानाच आधी तिचा वास घेतात, मग चष्मा लावतात. बेटं बाराशेच्या वर, त्यात खडकसुद्धा मोजलेले. माणूस राहतो अशी पन्नासेक. त्यातली तीन आप्पांनी निवडली आहेत: ब्राच, ह्वार आणि विस. विस बेटावर युगोस्लाव्हियाच्या लष्कराचा तळ होता, 1989पर्यंत परदेशी माणसाला तिथं पाय ठेवू देत नव्हते. "आता जाता येतं," आप्पा सांगतात. सांगण्याचा थाट असा, की बंदी उठवायला हेच गेले होते.

पण खरा छळ मापाचा. आप्पांना किलोमीटर, मैल, तास काही चालत नाही. त्यांचं माप एकच, इथून अंबाजोगाई. स्प्लिटच्या धक्क्यावरून ब्राच बेटावरच्या सुपेतारला बोट पन्नास मिनिटांत जाते. "म्हणजे एक अंबाजोगाई. एसटी वेळेवर आली तर." ह्वारवरच्या स्तारी ग्रादला दोन तास लागतात. "अंबाजोगाईला जाऊन, भाजी घेऊन परत." मुंबईहून विमानानं किती, असं मी एकदा मूर्खासारखं विचारलं. आप्पांनी फाइलच्या पाठीवर गुणाकार मांडला आणि पंधरा अंबाजोगाया झाल्या. मधल्या विमानतळावरच्या थांब्याच्या चार वेगळ्या.

त्या थांब्यावर आप्पांचं एक व्याख्यान आहे. मी ते किमान तीस वेळा ऐकलंय. कोकणातली योगेश्वरी परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला वऱ्हाड घेऊन निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचा दगड झाला आणि देवी अंबाजोगाईतच राहिली, ही आख्यायिका आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आप्पांचं म्हणणं, "नियोजनात चूक झाली. कनेक्शनला वेळच ठेवला नव्हता. म्हणून एक विमान उतरणं आणि दुसरं सुटणं यात चार अंबाजोगाया पाहिजेतच." देवीची इतकी कडक चौकशी आजवर कुणी केली नसेल.

2022 साली पेल्येशाट्सचा पूल सुरू झाला तेव्हा आप्पा पेढे घेऊन दुकानात आले. डुब्रॉवनिकला रस्त्यानं जाताना मधे बोस्नियाचा चिंचोळा किनारा आडवा यायचा, दोनदा सरहद्द ओलांडावी लागायची. पुलानं ती कटकट गेली. गिऱ्हाइकं विचारत होती, नात झाली का? पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीला क्रोएशिया शेंगेनमध्ये गेला, चलन युरो झालं, आणि आप्पांनी हिशेबाची अकरा पानं माझ्यासमोर फाडली. त्या व्हिसाला तीस हजार युरोंचा आरोग्यविमा लागतो, परतीचं आरक्षण लागतं, आणि पासपोर्टात दोन तरी पानं कोरी लागतात. आप्पांच्या पासपोर्टात सगळीच कोरी आहेत. दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा नवा काढला. तोही कोरा.

मग जात का नाहीत? पैशांचं म्हणाल तर पेन्शन आहे, अगदीच अशक्य नव्हतं. पण मे महिना उत्तम, तर मृगाची तयारी. सप्टेंबर त्याहून उत्तम, समुद्र उबदार, गर्दी ओसरलेली, तर सोयाबीनची काढणी तोंडावर. हिवाळ्यात रान मोकळं असतं, पण तिकडं ईशान्येकडून थंड वारा सुटतो, बोटी अडकून पडतात. त्या वाऱ्याचं नावच बुरा. "नावातच सांगितलंय," आप्पा म्हणतात आणि फाइलची नाडी आवळतात.

खरं कारण मला वाटतं रानातच आहे. आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ दादा यांच्यात बोलणं नाही. दादांनी बांध कोरला, असं आप्पांचं म्हणणं. आप्पांनी कोरला, असं दादांचं. भांडण दीड तासाचं. हा तास घड्याळातला नव्हे, नांगराचा. मोजणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा दोघांनाही पटली नाही. आप्पा चार दिवस परगावी गेले तर बांध कुठं असेल, ही धास्ती कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही.

आणि फाइलचं सगळ्यात मळकं पान बांधाचंच आहे. स्तारी ग्रादच्या माळावर ग्रीक लोकांनी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात शेतं आखली, दगड रचून बांध घातले. आज तिथं तीच आखणी आहे, आतली पिकंही तीच, द्राक्षं आणि ऑलिव्ह. 2008 साली युनेस्कोनं तो माळ जागतिक वारशात घेतला. समुद्र, किल्ले, सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा हे सगळं आप्पांना पाठ आहे, पण सांगताना आवाज बसतो तो इथं. "चोवीसशे वर्षं, कळलं का? बांध जागचा हलला नाही."

गेल्या वर्षी दादांच्या पोराचं लग्न झालं. पोरगा पुण्यात कंपनीत. त्याला बायकोला घेऊन युरोपात जायचं होतं, आणि घराण्यात युरोपाची माहिती असलेला माणूस एकच. तो बापाला न सांगता माझ्या दुकानात आला. आप्पा बाकड्यावर बसलेले होते. दोघं बराच वेळ माझ्या प्रिंटरकडं बघत होते. मग आप्पांनी नाडी सोडली. चार तास बसून त्यांनी त्याला सबंध फाइल लिहून दिली. शेवटी एवढंच म्हणाले, "कनेक्शनला चार अंबाजोगाया ठेव."

ते दोघं स्प्लिटला पोचले त्या दिवशी आप्पा दुपारपासून दुकानात बसून होते. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. दिवेलागणीला फोन वाजला. मागं भोंगा ऐकू येत होता.

"आप्पा, सुपेतारला उतरलो. बरोब्बर एक अंबाजोगाई लागली बघा."

आप्पा काहीच बोलले नाहीत. फोन माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन उभे राहिले. बारा वर्षं या माणसानं माझं डोकं खाल्लंय, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, प्रिंटचे पाचाऐवजी तीन घ्यायला हवे होते.

दोन दिवसांनी पोरानं फोटो पाठवला. समुद्राचा नव्हे. गुडघाभर उंचीचा, नुसते दगड रचलेला बांध, पलीकडं द्राक्षाचे वेल. आप्पांनी तो मोबाइल नाकाला लावून पाहिला, मोठा करून पाहिला, आणि रंगीत प्रिंट काढायला सांगितली. दोन प्रती. रंगीत प्रिंट वीस रुपये, हे मी आठवणीनं सांगितलं.

त्यांनी वीसच दिले. एक प्रत फाइलमध्ये गेली. दुसरी काउंटरवर ठेवून म्हणाले, "ही दादाला दे. आणि पैसे त्याच्याकडूनच घे."

दादांनी प्रिंट नेली. वीस रुपये अजून दिलेले नाहीत.