डँबिसाची वंशावळ

खोडकर मुलाला मराठी घरांतून जी विशेषणे उदारहस्ते बहाल केली जातात, त्यांपैकी ‘डँबिस’ हे साहेबाच्या देशातून आलेले आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. सर्वत्र सांगितली जाणारी व्युत्पत्ती अशी, की गोरा अंमलदार संतापला म्हणजे हाताखालच्या माणसाला ‘डॅम बीस्ट’ म्हणे, आणि ऐकणाऱ्याने ती शिवी जशी कानावर पडली तशी घरी नेली.

या शिवीतील ‘डॅम’चे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ आधी नुकसान व दंड एवढाच होता, पुढे ख्रिस्ती धर्मशास्त्राने त्याला कायमच्या नरकवासाची जोड दिली. इंग्रजांच्या तोंडी तो इतका बसला, की बोमार्शे या फ्रेंच नाटककाराच्या 1784 साली रंगमंचावर आलेल्या नाटकात फिगारो हा चतुर नोकर, एवढा एक शब्द आला की इंग्लंडात कशाचीच अडचण पडत नाही, असे सप्रयोग सिद्ध करून दाखवतो. ‘बीस्ट’ची हकीकत याहून करुण आहे. प्राचीन इंग्रजीत कोणत्याही जनावराला ‘डीअर’ म्हणत; नॉर्मन राजवटीबरोबर फ्रेंचांचा ‘बीस्ट’ आला आणि ‘डीअर’ आक्रसत जाऊन हरणापुरता उरला; नंतर ‘ॲनिमल’ने ‘बीस्ट’लाही बाजूला सारले, तेव्हा त्याच्या वाट्याला केवळ क्रौर्य आले. अलीकडे मात्र व्यायामशाळेत वजने उचलणारे तरुण एकमेकांना हाच शब्द कौतुकाने लावतात.

व्युत्पत्ती ऐकायला गोड असली, तरी एक शंका राहतेच. ‘लिस्ट’चे ‘लिष्ट’ आणि ‘पोस्ट’चे ‘पोष्ट’ करताना मराठी माणसाने शेवटचा ट जिवापाड जपला. मग ‘बीस्ट’चाच ट कोठे सांडला? याचे एक संभाव्य उत्तर असे, की लिष्ट आणि पोष्ट हे शब्द कागदावरही दिसत, शिवीचा मात्र लेखी हुकूम निघत नसे, ती नुसती ऐकावी लागे. आणि रागाच्या भरात शेवटचे अक्षर गिळण्याची खोड साहेबालाही असणार. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे.

या शब्दाचा जन्म नगरकडच्या श्रीरामपुरात झाला, असा दावा श्रीरामपूरकरही करणार नाहीत. परंतु शिवीचा मूळ अर्थ सुटून नुसता शब्द उरावा, तशी नाव आणि वस्तू यांची फारकत कशी होते, हे पाहायला या गावाइतके सोयीचे ठिकाण नाही. दौंड-मनमाड लोहमार्गावरील येथील स्थानकाची पाटी आजही ‘बेलापूर’ म्हणते. खुद्द बेलापूर तेथून काही किलोमीटरांवर, प्रवरेच्या काठी आहे, आणि नवी मुंबईतील बेलापूर समजून येथे उतरणाऱ्याची काय अवस्था होईल, याची कल्पनाच केलेली बरी. शेजारच्या हरेगावात इंग्रजी अमदानीत बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. तेव्हा साहेब, मुकादम आणि ऊसतोडे यांच्यात शब्दांची देवघेव झाली असल्यास नवल नाही. गंमत अशी, की या टापूत ‘डॅम’ म्हटले की नरक आठवत नाही, भंडारदरा आठवतो. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव मिरवणारे ते धरण 1926 साली पुरे झाले आणि त्याच्या पाटपाण्यावर हा सारा ऊस वाढला. राहिले ‘बीस्ट’, म्हणजे जनावर. तर ते येथे बैल होऊन ऊस ओढते आणि पोळ्याला पुरणपोळी खाते. ज्या शिवीचा पूर्वार्ध पाणी पाजतो आणि उत्तरार्ध गाडी ओढतो, ती शेतकऱ्याला झोंबावी कशी?

तरीही शिवीतला दंश जाण्याचे खरे कारण ऊस नव्हे, आजी आहे. मराठी आजीच्या तोंडी कोणताही शाप चार दिवसांत माणसाळतो. ‘इब्लिस’ हे इस्लामी परंपरेत आदमपुढे झुकण्यास नकार देणाऱ्या सैतानाचे नाव. मराठीत तो शेजारच्या कैऱ्या पाडणारे कार्टे झाला. नगरकडच्या म्हाताऱ्या नातवाला जेवायला हाक मारताना ‘मुडद्या’ म्हणतात आणि लगेच त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतात. अशा घरात नरकात ढकललेले जनावर येऊन पडले, तर तेही मांडीवर चढणारच. डँबिस मुलगा, डँबिस मुलगी, डँबिस पोर. लिंगभेद न मानणाऱ्या या विशेषणाला ‘पणा’ जोडून भाववाचक नामही तयार झाले, आणि मोठ्या माणसाला लावल्यास त्यात लुच्चेपणाचा वास शिल्लक राहिला, तरी ‘पक्का डँबिस आहे हो’ म्हणणाऱ्याच्या सुरात निम्मे कौतुक असते.

वाचकांना सूचना इतकीच, की हा शब्द घरात, पारावर आणि पुतण्याच्या बाबतीत निर्धास्त वापरावा. कचेरीत वरिष्ठांना उद्देशून मात्र वापरू नये, कारण त्यांना व्युत्पत्ती ठाऊक असू शकते.