१५,३०० किलोमीटरचा बाप

"पोरगी पोचली का?" एवढंच कुणी विचारावं आणि मी सुरू व्हावं, हे आता जालन्यात गांधी चमनच्या आसपास सगळ्यांना पाठ झालंय. म्हणून हल्ली कुणी विचारत नाही. मी आपणहून सांगतो.

पोरगी जाते ती वाट, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, सरळ मोजली तर १२,४०० किलोमीटर. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकची वाट सोडली आणि विमान पॅसिफिकवरून नेलं. १५,३०० किलोमीटर, साडेचौदा तासांत! अटलांटिकपेक्षा वाट हजारावर किलोमीटरने लांबली आणि वेळ मात्र दोनेक तासांनी वाचला. इथे मी थांबतो. समोरच्याने "असं कसं?" म्हणावं, ही अपेक्षा. पानवाला सुट्टे मागतो.

तरी सांगतोच. वारा! दहा-बारा किलोमीटर उंचावर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहतो आणि विमानाला मागून रेटतो. जपानच्या वासाबुरो ओइशींनी १९२० च्या दशकात वेधशाळेतून फुगे सोडून सोडून तो हुडकला. साऱ्या जगाने वाचावं म्हणून या भल्या माणसाने अहवाल लिहिला तो एस्पेरांतोत, म्हणजे साऱ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत. जगाने ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर बॉम्ब टाकायला निघालेली अमेरिकन विमानं त्याच वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे डोळे उघडले. ओइशींबद्दल मला फार जिव्हाळा आहे. आमच्या घरात माझीही तीच गत. मी मराठीत बोलतो, एवढाच फरक.

विमानतळाचाही मला गर्व आहे. नावाला संभाजीनगरचा, पण आहे जालना रोडवर. बदनापूर, करमाड, शेंद्रा, की आलंच चिकलठाणा. शहरात शिरायचं कामच नाही. पण विमानाच्या साडेचौदा तासांचं कौतुक करणारा मी, बॅग भरण्याचे तास कधी धरत नाही. हिने लटकता काटा आणलाय. मर्यादा २३ किलोची, काटा दाखवतो साडेतेवीस. आमटीच्या येसराची पुडी बाहेर येते, हातात तोलली जाते, पुन्हा आत जाते. बाहेर राहतो तो माझे लेख छापून आलेल्या दिवाळी अंकांचा गठ्ठा. त्यावर चर्चा होत नाही.

मुलगी निघून गेली की घरात काही दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. मग मी आकडे काढतो. उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतेरा. आम्ही ताटं उचलतो तेव्हा तिकडे नात दात घासत असते.

परवा असाच वाऱ्यावर आलो होतो, तर ही भांडी विसळता विसळता म्हणाली, "नेणारा वारा कळला हो. आणणारा कुठला?"

त्याच वाटेने उलट यायचं तर तोच वारा आडवा येतो, हे मी शास्त्रशुद्ध समजावायला घेतलं.

"ते राहू द्या. दिवाळीला येणार का, तेवढं विचारा."

विचारलं. "रजेचं अजून नक्की नाही, बाबा," लेक म्हणाली. "पण येसर संपत आलाय. इकडे कुणी येणार असेल तर बघा ना."

जालन्यातून येत्या सहा महिन्यांत कोण कोण अमेरिकेला जाणार आहे आणि कुणाच्या बॅगेत किती जागा उरेल, ते मला तोंडपाठ आहे. त्यातले दोघे तर हल्ली मला पाहून रस्ता बदलतात.