मानद कार्यवाह

न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून या शहराला वक्त्यांचा तुटवडा पडला असेल, मानद कार्यवाहांचा कधी पडला नाही. वय पासष्टच्या पुढे, बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त, खांद्याला शबनम. शबनममध्ये सुतळी, चिकटपट्टी आणि एक जादा नारळ; ऐनवेळी कुणाचा सत्कार निघेल, काय सांगावं!

आमच्या कार्यवाहांनी यंदा ‘शाश्वत शहरी वास्तुरचना’ हा विषय घेतला. कारण मधुमेह गेल्या वर्षी झाला होता.

सौजन्य एका बिल्डरचं. फ्लेक्स, चहा आणि सभागृहाचं भाडं त्याने उचललं. बदल्यात तो फक्त ‘दोन शब्द’ बोलणार होता. त्यातला एक ‘कार्पेट’ आणि दुसरा ‘एरिया’ असावा, कारण वीस मिनिटं त्यावरच गेली.

दीपप्रज्वलनाला समई विझू नये म्हणून पंखे बंद केले होते. प्रोजेक्टरसाठी खिडक्यांना जाड पडदे. मग पंखे कुणी लावेना, कारण बटणं पडद्यामागे आणि शिपाई चहाला. अशा घामाघूम सभेला वक्ते खेळत्या हवेचं महत्त्व सांगू लागले. विषय इतका अंगाला भिडलेला मी दुसऱ्या कुठल्या व्याख्यानात पाहिला नाही.

वक्ते मात्र तयारीचे. त्रिवेंद्रमला वास्तुशिल्पी लॉरी बेकर भिंतीतल्या विटा कडेवर उभ्या लावत, मधे पोकळी सोडत. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि उष्णताही आत कमी येते, हे वक्त्यांनी चित्र काढून दाखवलं. घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा सल्ला बेकर नेहमी सांगत, हेही आलं. कार्यवाहांनी जोरात मान डोलावली. वक्ते मुंबईहून टॅक्सीने आले होते आणि ते भाडं कुणी द्यायचं, हे अजून ठरायचं होतं.

वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशींचा जन्म १९२७ साली पुण्यातला, असं म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना २०१८ साली वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, याला त्याच्या निम्म्याही पडल्या नाहीत. त्यांच्या अहमदाबादच्या ‘संगथ’ या कार्यालयाचे अर्धगोल माथे पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेले आहेत, ऊन परत जातं, आत गारवा राहतो. हे ऐकून कार्यवाह माझ्या कानाशी आले.

“अहो, आमच्या गच्चीवर होता की चायना मोझॅक! गळतो म्हणून मीच उखडायला लावला. आता पत्रे टाकलेत. दुपारी वर पाय ठेववत नाही.”

ते सोसायटीच्या पुनर्विकास समितीचेही अध्यक्ष आहेत. निरोप देताना वक्त्यांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, “आता खासगीत सांगा, दर्शनी बाजूला पूर्ण काच लावली तर फ्लॅटला भाव किती येईल?”

हसा खुशाल. पण रात्री साडेनऊला खुर्च्या रचायला ते एकटेच होते. आम्ही बाकीचे निसर्गप्रेमी पार्किंगमध्ये एकमेकांच्या गाड्यांमागे अडकलो होतो.

पुढचं व्याख्यान ‘पाणी जपून वापरा’ या विषयावर आहे. प्रवेश विनामूल्य, पहिल्या दोन रांगा राखीव. बाटलीबंद पाण्याला प्रायोजक हवा आहे. इच्छुकांनी कार्यवाहांना भेटावं.