दुसऱ्या वाद्याचे उमेदवार

अमरावती-अकोला अप-डाऊन करणाऱ्यांत एक भाऊ हमखास असतात. घर अमरावतीला, नोकरी अकोल्याला आणि जीव दुसऱ्या वाद्यात. पहिलं वाद्य मेंडोलिन. १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये ते शाहरुखच्या हातात दिसलं आणि भाऊंनी घेऊन टाकलं. तेव्हापासून त्यातला तो एक तुकडा ते वाजवतात. तुकडा संपला की भाऊही संपतात.

सध्या व्हायोलिनचा विचार चालू आहे. बडनेऱ्याला गाडीत बसलं की विचार सुरू होतो आणि मूर्तिजापूर येईस्तोवर चांगला रंगतो.

“पाय लेका, मेंडोलिनले तारा आठ, पन जोड्या चारच. व्हायोलिनच्याई चार. दोन्ही एकाच सुरात लागते. म्हन्जे माहा डावा हात त तयारच हाय, उजव्यालेच शिकवा लागते.”

“डावा कधी तयार झाला?” खिडकीपासचा विचारतो.

भाऊंचा मुद्दा तसा खोटा नाही. पाश्चात्त्य पद्धतीनं लावली तर दोन्ही वाद्यं खरोखरच सारख्या सुरांत लागतात. पण भाऊंना वाजवायचा असतो यमन, आणि हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिन षड्ज-पंचमावर लावतात. शिवाय मेंडोलिनचे पडदे चुकार बोटालाही सांभाळून घेतात. व्हायोलिनला पडदेच नाहीत, बोट पडेल तो सूर. डब्यातल्या एका संगीतशिक्षकांनी हे समजावलं, तर भाऊ म्हणाले, “मंग मेंडोलिनचेई पडदे काढून टाकतो. सवय होऊन जाईन.”

दाखला म्हणून ते गजाननबुवा जोशींचं नाव घेतात. बुवा गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे. त्यांना दोन्ही उत्तम येत होतं, हा तपशील भाऊंना किरकोळ वाटतो.

खरेदी मात्र ऋतूवर अडलेली. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५च्या वर, लाकूड फाकेल. पावसाळ्यात दमट हवा, लाकूड फुगेल. हिवाळ्यात लग्नसराई, हातात पैसा नाही. “पयले त्या मेंडोलिनच्या तुटल्या तारा त बसवा,” वहिनी म्हणतात. पण तारांना पैसे पडतात. विचार महिन्याच्या पासात होऊन जातो.

खरं सांगायचं तर हा विचार भाऊंच्या फार सोयीचा आहे. परवा कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं, आणि कोणीतरी म्हणालं, भाऊ, मेंडोलिन होऊन जाऊ द्या.

“नाही बावा. आता व्हायोलिनकडं वळलो ना, मेंडोलिननं बोटाचं वळण बिघडते.”

“मंग व्हायोलिन वाजवा.”

“थे अजून घ्याचं हाय.”